भाषांतर शिकविता येते काय?



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले. वैशाखाचे ऊन उतरल्यावर, दिवसभर कांद्याच्या चाळीत किंवा दुकानाच्या पेढीवर राबलेली माणसे येथे येऊन बसतात. त्यांच्यापुढे 'भाषांतर' हा कोरडा विषय मांडण्याचे धाडस मी करणार आहे. चालकांपैकी एकांनी मला हळूच विचारलेही, "हा विषय कॉलेजातल्या मुलांचा नव्हे काय?" मी म्हणालो, "मुले कॉलेजात शिकतील, पण त्यांच्या भाषांतराचे बरेवाईट फळ तुम्हांआम्हांलाच चाखायचे आहे." ते कसे, हेच आज सांगावयाचे आहे.

आरंभी माझ्याच एका चुकीची कबुली देतो. मी भाषेचा शिक्षक. काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या वर्गाला भाषांतराचा सराव म्हणून फवारणीच्या औषधाबरोबर येणारे एक माहितीपत्रक मी दिले. त्यात इंग्रजीत 'वेटिंग पीरियड' असे शब्द होते आणि पुढे दिवसांचा आकडा होता, पंधरा. बहुतेक मुलांनी लिहिले, 'प्रतीक्षा कालावधी : १५ दिवस'. शब्दाला शब्द होता, शुद्धलेखन निर्दोष होते. मी पाचापैकी पाच गुण दिले आणि वह्या परत केल्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी डाळिंबाची बाग. तिने आपले भाषांतर रात्री आजोबांना वाचून दाखविले होते. आजोबांनी अहिराणीत विचारले, "पंधरा दिवस वाट कशाची पाहायची? औषधाचा गुण येण्याची?" म्हणजे पंधरा दिवसांत कीड मेली नाही तर पुन्हा फवारावे, असा त्यांचा समज झाला! मूळ पत्रकाचा अर्थ होता की, फवारणी केल्यावर पंधरा दिवसांच्या आत फळ तोडू नये, कारण तोवर औषधाचा अंश फळात असतो. मुलीने सर्व वर्गासमोर विचारले, "सर, माझे उत्तर बरोबर होते की चूक?"

मंडळी, त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. वहीतले उत्तर बरोबर होते आणि घरातले चूक होते. ज्या भाषांतराला मी पैकीच्या पैकी गुण दिले, त्यावर विसंबून कोणी फळ तोडले असते तर ते विष कोणाच्या तरी लेकराच्या पोटात गेले असते. त्या मुलीने स्वतःच दुसरे वाक्य लिहून आणले होते : 'फवारल्यापासून पंधरा दिवस फळ तोडू नये.' या वाक्यात 'प्रतीक्षा' नाही आणि 'कालावधी'ही नाही. तरी भाषांतर म्हणावे ते यालाच. त्या दिवसापासून मी भाषांतर शिकविण्याची माझी रीत बदलली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या बदलाचा वृत्तांत आहे, असे समजा.

आता, आपण मराठी माणसे भाषांतर आजवर शिकलो कसे? येथे जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळांना तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवत असेल. आधी नियम, मग शब्दांची यादी, मग इंग्रजीची मराठीत आणि मराठीची इंग्रजीत करावयाची वाक्ये. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या या शिडीने इंग्रजीच्या माळ्यावर चढल्या. पुढे पंडितांनी सांगितले की, परकी भाषा ही तिच्यातच बोलून शिकवावी, मध्ये मातृभाषा आणू नये. मग भाषांतर वर्गाबाहेर गेले. दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु एक गोष्ट दोन्हीकडे निसटली. तर्खडकरांच्या पाठमालेत भाषांतर हे इंग्रजी शिकण्याचे साधन होते. भाषांतर ही स्वतःच एक विद्या आहे, तिचे शिक्षण निराळे द्यावे लागते, हा विचार आपल्या शाळा-कॉलेजांत फार उशिरा आला.

वास्तविक आपल्या मराठी गद्याची अर्धी इमारत भाषांतराच्या विटांनी बांधलेली आहे. शिवछत्रपतींच्या राज्यात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, त्यात फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, ते इंग्रजी आणि मराठी असे शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापलेले. म्हणजे आपले पहिले वृत्तपत्रच एका डोळ्याने इंग्रजी आणि दुसऱ्याने मराठी वाचीत जन्माला आले. १८३१ साली मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यांचे सहकारी मेजर कँडी यांनी पुढे कैक वर्षे शालेय पुस्तकांची भाषांतरे तपासली. पिनल कोड मराठीत आणले तेही कँडीसाहेबांनीच. तो १८६० चा कायदा १ जुलै २०२४ पासून गेला आणि त्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण कायद्याची मराठी घडविण्याचे काम काही संपले नाही. आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत अशा आणल्या की, आजीच्या तोंडच्याच वाटाव्यात!

स्वराज्य आल्यावर गरज वाढली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. कचेरीचा सारा व्यवहार इंग्रजीतून मराठीत आणायचा होता, आणि शब्द हवे होते हजारोंनी. कोशकारांनी मोठे काम केले, त्यांची थट्टा करणे सोपे आहे, मी ती करणार नाही. पण एक गफलत झाली, ती सांगितली पाहिजे. शब्दांचे भाषांतर झाले, वाक्ये मात्र इंग्रजीच राहिली. कचेरीतून येणारे पत्र आपण दोनदा वाचतो आणि मग शेजारच्या मास्तरांकडे नेतो, याचे कारण तेच. शब्द मराठी, सांगाडा इंग्रजी, आणि सांगणारा कोण व ऐकणारा कोण याचा पत्त्याच नाही.

येथे मी मुख्य मुद्द्यावर येतो. भाषांतर करणाऱ्याला पहिला प्रश्न 'या शब्दाला मराठीत काय म्हणतात?' हा पडू नये. 'हे कोण कोणाला सांगतो आहे आणि कशासाठी?' हा त्याचा पहिला प्रश्न असावा. या प्रश्नाची सवय लावता येते, आणि म्हणून भाषांतर शिकविता येते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या शेजारच्या मुलुखाशी जोडलेले आहे. विनोबांच्या मातोश्रींना गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हते, आणि हाती आलेले मराठी रूपांतर अवघड वाटले. त्या मुलाला म्हणाल्या, तूच का करीत नाहीस? त्या माउली १९१८ साली गेल्या. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० रोजी 'गीताई' लिहावयास घेतली आणि चार महिन्यांत पुरी केली. ऐकणारी आई जगात नव्हती, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आता त्याच गीतेवर सहा शतकांपूर्वी ज्ञानेश्वरांनी काय केले होते ते पाहा. सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. विनोबांनी मात्र श्लोकास श्लोक ठेवला. यांत बरोबर कोण, असे विचारणे वेडेपणाचे ठरेल. एकाला सभेत बसलेल्या श्रोत्यांना अर्थ उलगडून दाखवायचा होता, दुसऱ्याला आईच्या मुखी रोजच्या पाठाला बसेल अशी गीता द्यायची होती. ऐकणारा बदलला की भाषांतर बदलते.

विद्यार्थ्यांना हे पटवायचे तर एकच मूळ आणि त्याची अनेक भाषांतरे समोर ठेवावीत. शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो' घ्या. १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी तो मराठीत आणला, तो वाचणाऱ्यांसाठी, मुळाच्या जवळ राहून. १८९० साली देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. नावे आपली, माणसे आपली, कारण त्यांना तो रंगभूमीवर रंगवायचा होता. आणि १९६१ साली आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी तो पुन्हा केला. तीन पिढ्या आणि तीन प्रकारचे श्रोते! पु. ल. देशपांड्यांची 'ती फुलराणी' घ्या. बर्नार्ड शॉच्या नाटकातली फुले विकणारी पोर लंडनच्या गल्लीतले इंग्रजी बोलते, आणि सारे नाटक त्या बोलीवरच उभे आहे. ती बोली शब्दकोशात पाहून मराठीत आणता येईल काय? पु. लं.नी ती शोधली आपल्या रस्त्यावर. मुलांना मी सांगतो, हा संवाद देवळ्याच्या बाजारात घडला असता तर ती पोर काय बोलली असती ते लिहा. मग पाहावी वर्गातली गंमत. एरवी तोंड न उघडणारी मुले भराभर लिहू लागतात.

आणि येथेच मला माझ्या लहानपणाची एक गोष्ट आठवते. मी याच कसमादे पट्ट्यातला, घरात अहिराणी. शाळेत मास्तरांनी काही विचारले, मी 'मला' म्हणायच्या ऐवजी 'माले' म्हणालो. मास्तरांनी तासभर उभे केले आणि वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शाळेत कमी बोलू लागलो. मास्तर वाईट नव्हते, त्यांना शुद्ध मराठी शिकवायचे होते. पण त्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली नाही. जो मुलगा घरी 'मना, तुना' म्हणतो आणि शाळेत 'माझा, तुझा' म्हणतो, तो रोज दहा वेळा भाषांतर करीत असतो! आईला 'आंडोर' म्हणून हाक मारावीशी वाटते तो, आणि हजेरीपटावर 'कुमार' म्हणून लिहिला जातो तोही, एकच मुलगा आहे. दोन्ही भाषांचे दरवाजे त्याला उघडे आहेत. पुण्यामुंबईच्या मुलाला जे शिकवावे लागते, ते आपल्या मुलाच्या अंगवळणी आहे. आपण मात्र त्याला दंड केला आणि त्या देणगीची लाज वाटायला लावली. कळवणकडच्या कोकणा मुलाची गोष्ट याहून वेगळी नाही. भाषांतराचे शिक्षण या लाजेचा निचरा केल्याशिवाय सुरूच होत नाही, असे माझे अनुभवाचे मत आहे.

घरची बोली शब्दांचे भांडारही असते. कर्जाच्या कागदात वस्तूचा ताबा न देता तारण देण्याची गोष्ट येते. मुले कोश उघडून बसतात. मी म्हणतो, आजोबांना विचारा. आजोबा सांगतात, "ते नजरगहाण. ताबा दिला तर ताबेगहाण." विद्यापीठे निघण्यापूर्वीच हा भेद गावाने करून ठेवला आहे. जे शब्द आपल्याजवळ आहेत ते टाकून नवे घडविणे म्हणजे घरात पाण्याचा माठ भरलेला असताना दारी नळाची वाट पाहणे होय.

आता प्रत्यक्ष शिकवावे कसे, ते थोडक्यात सांगतो. येथे शिक्षकमंडळी आहेत म्हणून हा तपशील.

पहिल्याने उतारा मोठ्याने वाचावा आणि वर सांगितलेला प्रश्न विचारावा. नंतर पुस्तक मिटून तो मजकूर तोंडी सांगावा, ज्याला जी बोली येते त्या बोलीत. पुस्तक मिटले की मूळ वाक्याचा सांगाडा मनातून गळतो आणि अर्थ तेवढा उरतो. तोंडी सांगण्याची ताकद फार मोठी आहे. उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधल्या कितीतरी कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांचे यजमान विरुपाक्ष कन्नड वाचून ध्वनिमुद्रित करीत, आणि ते ऐकून उमाताई मराठी लिहीत. डोळ्यांनी नव्हे, कानांनी केलेले भाषांतर ते! यानंतर पुस्तक पुन्हा उघडावे आणि लिहावे. लिहिताना काही गाळले काय, पदरचे घातले काय, हे ओळीओळीला ताडून पाहावे. मोकळेपणा म्हणजे बेइमानी नव्हे. आकडा, अट, नकार, 'कदाचित', 'फक्त' हे शब्द पैशांसारखे मोजून परत करावे लागतात. शेवटी लिहिलेले अशा माणसाला वाचून दाखवावे, ज्याने मूळ पाहिलेलेच नाही. त्याने जे समजून घेतले तेच मुळात असेल, तर भाषांतर उतरले. माझ्या वर्गाची आज हीच परीक्षा आहे, आणि परीक्षक पुष्कळदा घरचे आजोबा असतात.

व्याकरण नको, असे मी म्हणत नाही. उलट खरे व्याकरण भाषांतरातच कळते. इंग्रजीत एक 'हॅव' आहे. आपण म्हणतो, मला दोन भाऊ आहेत, माझ्याजवळ दोन रुपये आहेत, आणि माझा दोन बिघ्यांचा मळा आहे. इंग्रजी एकच क्रियापद वापरते, मराठी नाते, पैसा आणि जमीन यांना निरनिराळ्या रीतीने धरते. 'माझ्याजवळ दोन भाऊ आहेत' म्हटले तर ते भाऊ खिशात ठेवल्यासारखे वाटतात! तसेच इंग्रजीत एक 'अंकल' आहे, आपल्याकडे काका निराळा, मामा निराळा, मावशीचे यजमान निराळे. भाचीच्या लग्नात मामाचा मान काकाला देऊन पाहा, भाषांतराची चूक काय करते ते मांडवातच कळेल!

आणि आणखी एक. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजी भाषणात पुढारी म्हणतात, 'वुई' पाणी आणू. मराठीत काय लिहाल? 'आम्ही पाणी आणू' म्हटले तर जबाबदारी त्यांची. 'आपण पाणी आणू' म्हटले तर कुदळ-फावडे तुमच्याही हाती आले! आणि कर्जाच्या परतफेडीच्या पत्रकात हाच शब्द आला तर? भाषांतरकाराच्या एका सर्वनामाने गावाच्या माथ्यावरचे ओझे बदलते. मुले हे उदाहरण कधी विसरत नाहीत.

अलीकडे एक प्रश्न सगळीकडे विचारला जातो. हातातल्या मोबाइलवर बोट ठेवले की भाषांतर होते, मग हे कष्ट कशाला? मी यंत्राचा शत्रू नाही. यंत्र झटपट काम करते आणि दिवसेंदिवस सुधारते आहे. मी वर्गात ते वापरतो. यंत्राचे भाषांतर फळ्यावर लिहितो आणि म्हणतो, हे तपासा. पण तपासायला येण्यासाठी आधी भाषांतर करता यावे लागते. तराजू बनियाच्या हातचा असला तरी वजन आपल्याला वाचता आले पाहिजे. शिवाय यंत्र 'प्रतीक्षा कालावधी' लिहून मोकळे होते, ते आजोबांपुढे जाऊन बसत नाही. चुकीच्या भाषांतराने बाग गेली तर यंत्राला रात्री झोप लागत नाही, असे काही होत नाही. भाषांतर ही जबाबदारी आहे, आणि ती घ्यायला माणूसच लागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण भाषा मोठी होते ती तिच्यात काय काय सांगता येते यावरून. औषधाची बाटली, विम्याचा कागद, कोर्टाचे समन्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हे सारे ज्या दिवशी देवळ्याच्या माणसाला दुसऱ्याला न विचारता कळेल, त्या दिवशी त्या दर्जाचा खरा उपयोग झाला असे मी म्हणेन. हे काम मुंबईत बसून कोणी करून देणार नाही. ते येथल्याच मुलामुलींना करावे लागेल, आणि ते करण्याची पात्रता त्यांच्या अंगी आहे.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला एखादा इंग्रजी कागद द्या, वीजबिलाच्या मागचा असो की बियाण्याच्या पिशवीवरचा. म्हणा, "हे मला समजेल असे सांग." आणि समजले नाही तर भिडेने मान हलवू नका. पुन्हा सांगायला लावा. त्या आजोबांनी मान हलविली असती तर त्यांच्या नातीला, आणि तिच्या मास्तरांनाही, आपली चूक कधीच कळली नसती.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. माझे सांगणे आपल्यापर्यंत पोहोचले की नाही, हे आता आपणच सांगावयाचे.